माइस्टरांचा बर्फ

बर्लिनमध्ये रस्त्याच्या कडेने जाणारे, मध्येच उंच कमान करून चौक ओलांडणारे जाड गुलाबी नळ दिसतात. नव्या माणसाला ते गॅसचे वाटतात, पण त्यांतून पाणी वाहत असतं. हे शहर हिमयुगाने आणून टाकलेल्या वाळूवर आणि जुन्या दलदलीवर उभं आहे. पुष्कळ भागांत दोन-तीन मीटर खणलं की भूजल लागतं. इमारतीच्या पायासाठी खड्डा घेतला की आधी पाणी उपसावं लागतं आणि उपसलेलं पाणी त्या गुलाबी नळांतून कालव्यात किंवा नदीत नेऊन सोडतात.

मी पुण्याची. आमच्याकडे जमीन म्हणजे काळा कातळ. माझं आजोळ सांगली जिल्ह्यात, खानापूर तालुक्यात. तिथे विहिरीला पाणी लागलं की नारळ फुटायचा, गूळ वाटला जायचा, आणि ते पहिलं गढूळ पाणी आजोबा डोळ्यांना लावायचे. पाणी लागू नये म्हणून रात्र-रात्र जागणारी माणसं मी पाहिली ती जर्मनीत. त्यांच्यातल्या एका माणसाची मी आयुष्यभराची देणेकरी आहे.

सगळे त्यांना माइस्टर म्हणत. जर्मनीत हा रीतसर परीक्षा देऊन मिळणारा हुद्दा आहे आणि तो मिळवलेल्या कारागिरापुढे पदवीधर इंजिनिअरही आवाज खाली ठेवून बोलतो. त्यांच्याबद्दल लिहू का असं विचारलं तेव्हा त्यांनी एकच अट घातली, नाव छापायचं नाही. “बर्फ मी एकट्याने केलेला नाही,” म्हणाले. म्हणून इथेही ते माइस्टरच.

ते रुअर खोऱ्यातले. वडील कोळशाच्या खाणीत, आजोबाही खाणीत. ते स्वतः शाळा संपताच खाणीत उमेदवार म्हणून लागले आणि पुढे खाणीचे उभे शाफ्ट खोदणाऱ्या टोळीत गेले. जमीन गोठवण्याची विद्या त्याच टोळ्यांची. कोळसा खोल, त्याच्यावर पाण्याने भरलेली वाळू. शाफ्ट खणायला घेतला की वाळू पाण्यासकट आत यायची आणि खणावं तितकं भरत जायचं. फ्रीड्रिश हेर्मान प्यॉट्श या जर्मन खाण-अभियंत्याने १८८३ मध्ये यावरच्या उपायाचं पेटंट घेतलं. पाणी उपसायच्या मागे लागायचंच नाही, ते जागच्या जागी गोठवायचं आणि त्या गोठलेल्या कड्याच्या आतून शाफ्ट खाली न्यायचा. सव्वाशेहून अधिक वर्षं ही विद्या पुस्तकांपेक्षा माणसांच्या हाताखालून पुढे गेली. माइस्टर एका बुजुर्गाच्या हाताखाली शिकले, तो आणखी कुणाच्या. मी त्या ओळीत शेवटी येऊन उभी राहिले. ओळीतल्या आधीच्या माणसांची नावंही मला माहीत नाहीत, पण त्यांच्या सवयी माझ्या हातात आहेत.

त्यांच्याजवळ शिकता आलं त्यामागे आणखी एक ऋण आहे. पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जर्मन शिकवणाऱ्या आमच्या बाईंनी आम्हाला एक सवय लावली होती. समजलं नाही तर मान डोलवायची नाही, “पुन्हा सांगा” म्हणायचं, आणि तेही न अडखळता. माइस्टरांची बोली खाणीतली, निम्मे शब्द गिळलेले. बाईंची ती सवय नसती तर पहिल्या आठवड्यातच माझी मान डोलायला लागली असती.

पद्धत सांगायला सोपी आहे. बोगदा जिथे काढायचा त्याच्या भोवती साधारण मीटरभर अंतरावर लांब भोकं पाडायची, त्यांत पोलादी नळ्या सारायच्या. प्रत्येक नळीच्या आत आणखी एक बारीक नळी. बारीक नळीतून उणे तीस-पस्तीस अंशांचं ब्राइन, म्हणजे कॅल्शियम क्लोराइडचं पाणी, पार टोकापर्यंत जातं आणि बाहेरच्या नळीतून परत येतं. परत येताना जमिनीची उष्णता घेऊन येतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत ज्यांनी पॉट आइस्क्रीमचं हँडल फिरवलं आहे त्यांना बर्फात खडेमीठ का टाकतात ते ठाऊक असेल. खारट पाणी शून्याच्या खाली जाऊनही पातळ राहतं आणि मधल्या डब्यातल्या दुधाची उष्णता ओढून घेतं. इथे दुधाच्या जागी वाळू आणि तिच्या कणांमधलं पाणी. नळीभोवती गोठलेल्या वाळूचा खांब धरतो, आठवड्यांमागून आठवडे जाड होत जातो आणि शेजारच्या खांबाला भिडतो. सगळे भिडले की सलग भिंत तयार. तिच्या आत कोरड्या जागेत खोदता येतं, आणि ती वाळू इतकी टणक असते की फावडं चालत नाही, कटर लावावा लागतो.

घाई असेल तर ब्राइनच्या जागी द्रवरूप नायट्रोजन वापरतात. उणे १९६ अंश. आठवड्यांचं काम दिवसांत होतं. पण तो टँकरने सतत आणावा लागतो, फार महाग पडतो, आणि वापरून झाल्यावर वायू होऊन बाहेर पडतो. बंद जागेत तो साठला तर ऑक्सिजनला हटवतो आणि काही कळायच्या आत माणूस खाली पडतो. माइस्टर नायट्रोजनच्या जवळ ऑक्सिजनचं मीटर लटकवल्याशिवाय कुणालाही उभं राहू देत नसत, मग तो कितीही मोठा साहेब असो.

इतका खटाटोप कशासाठी, पाणी उपसून टाकलं तर काय बिघडलं, असं कुणालाही वाटेल. बर्लिन आपलं पिण्याचं पाणी शहराच्या पोटातल्या भूजलातूनच घेतं, त्यामुळे वाटेल तितकं उपसू देत नाहीत. दुसरं कारण मला जास्त जवळचं वाटतं. तिथल्या कित्येक जुन्या इमारती दलदलीत ठोकलेल्या लाकडी खांबांवर उभ्या आहेत. पाण्यात बुडालेलं लाकूड शतकानुशतकं टिकतं. पाणी खाली गेलं, हवा लागली, की ते कुजायला लागतं. म्हणजे बोगद्यासाठी पाणी उपसलं तर दीडशे वर्षांच्या वास्तूच्या पायाखालचं लाकूड मरणार. सिमेंटचं ग्राउटिंग करता येतं, पण ते कायमचं जमिनीत राहतं आणि बारीक वाळूत नीट शिरतही नाही. बर्फ मागे काही ठेवत नाही. काम झालं की ब्राइन थंड करणारे कॉम्प्रेसर बंद करायचे, पाणी पुन्हा पाणी होतं. या कामावर माझा जीव जडला तो याच कारणाने.

मी कामाला लागले ते नदीजवळच्या एका साइटवर. दोन समांतर बोगदे आधीच झाले होते. आग किंवा अपघात झाला तर माणसांना एकातून दुसऱ्यात जाता यावं म्हणून मध्ये आडवा जोडबोगदा काढायचा होता. भूजलपातळीच्या बरंच खाली. मोजमाप करणाऱ्या चमूत मी सगळ्यांत धाकटी. बोगद्यात बाई आली की अपशकुन, ही खाणकामगारांची जुनी समजूत काही चेहऱ्यांवर अजून दिसायची. आणि तीच माणसं बोगद्याच्या तोंडाशी खाणकामगारांची पालक संत बार्बरा हिची मूर्ती बसवतात, तिच्यापुढे दिवा ठेवतात, प्रत्येक बोगद्याला एखाद्या बाईचं पालकत्व देतात! पहिल्या दिवशी माइस्टर मला त्या मूर्तीपाशी घेऊन गेले. “हिच्या परवानगीने आपण आत जातो. तुम्ही हिच्याच घरातल्या,” म्हणाले आणि मला पुढे घालून आत शिरले. त्यानंतर कुणी काही बोललं नाही. मी पुढे कधीकधी त्या मूर्तीपुढे फूल ठेवायची. बाजारातून फूल आणायला विसरले तर माइस्टर आठवण करायचे.

त्यांनी मला शिकवलेली पहिली गोष्ट म्हणजे बर्फाकडे बघायचंच नाही. “जे गोठलंय ते गोठलंय. न गोठलेलं शोधा.” भिंतीत जिथे दोन खांब भिडले नाहीत त्या जागेला तिथली माणसं खिडकी म्हणतात. एवढ्याशा खिडकीतूनही पाणी वाळू घेऊन येतं, येताना कडेचा बर्फ वितळवतं, खिडकीचं दार होतं, आणि वर रस्ता असेल तर रस्ता खाली येतो. सगळं काम त्या खिडक्या शोधण्याचं. मी अहवालात सरासरी तापमान लिहायची तेव्हा ते लाल पेनाने कापायचे. सरासरी त्यांना नको असायची. सगळ्यांत उबदार सेन्सर कुठला, काल किती होता, आज किती, एवढं त्यांना हवं असे.

खिडक्या का राहतात? पहिलं कारण ड्रिलिंग. लांब भोक सरळ जात नाही. बर्लिनच्या बाजूच्या वाळूत हिमनद्यांनी स्कँडिनेव्हियातून ओढत आणलेले मोठमोठे धोंडे आहेत. ड्रिल अशा धोंड्याला लागलं की किंचित कलतं आणि टोकाशी पोचेपर्यंत शेजारच्या भोकापासून दुप्पट लांब गेलेलं असतं. म्हणून प्रत्येक भोक कुठून कुठे गेलं ते आतून मोजायचं, कागदावर मांडायचं, आणि अंतर जास्त दिसलं की तिथे जादा नळी घालायची. ड्रिलवाले कंटाळायचे. माइस्टर त्यांच्याशी भांडायचे नाहीत. तो नकाशा घेऊन त्यांच्यात जाऊन बसायचे आणि विचारायचे, तुमचा मुलगा आत काम करत असता तर इथे नळी घातली असती का? नळी घातली जायची.

दुसरं कारण वाहतं भूजल. साचलेलं पाणी गोठतं. वाहतं पाणी सतत नवी उष्णता आणत राहतं, आणि दिवसाला दोनेक मीटरहून वेगाने वाहू लागलं की ब्राइनच्या नळ्या तिथे हरतात. तिसरं कारण मला सगळ्यांत भयंकर वाटायचं. नळीला चीर जाऊन ब्राइनच जमिनीत झिरपलं तर तेवढी वाळू खारट होते, आणि खारट झालेली वाळू आपल्या थंडीत गोठत नाही. बर्फ करणाऱ्या पाण्यानेच बर्फात खिडकी पडते. म्हणून ब्राइनच्या टाकीची पातळी दर पाळीला खडूने टाकीवर मांडायची. इलेक्ट्रॉनिक मापक होतं, तरी खडूची रेघही हवी. ही रेघ त्यांच्या बुजुर्गाची सवय होती.

वाटपाच्या मुख्य नळावरून प्रत्येक गोठणनळीला रबरी होज जायचा. सुरू झाल्यावर काही तासांत सगळे होज पांढरे व्हायचे, हवेतली वाफ त्यांच्यावर हिमकणांचा थर धरायची. माइस्टर सकाळी आले की आधी त्या होजच्या रांगेसमोर चालत जायचे. एकावरचा थर इतरांहून पातळ दिसला की थांबायचे, हातमोजा काढून तळवा जवळ न्यायचे, मग कानही लावायचे. तिथे प्रवाह कमी होता. हवेचा बुडबुडा अडकला असेल, नाहीतर झडप अर्धवट. संगणकावर तीच गोष्ट जाणाऱ्या आणि परतणाऱ्या ब्राइनच्या तापमानातल्या फरकावरून कळते, पण तिला उशीर लागतो. मी पडद्यावर आकडा दाखवेपर्यंत ते झडप दुरुस्त करून कॉफीला गेलेले असायचे. पुढे माझाही हात बसला. पडदा आणि पांढरा थर, दोन्हीकडे बघायचं, आणि दोघं वेगळं सांगायला लागले की काम थांबवायचं, हे मी तिथे शिकले.

भिंत बंद झाली की नाही हे तपासायची रीत मी पहिल्यांदा पाहिली तो दिवस विसरणं शक्य नाही. बर्फाच्या कड्याच्या आत जी न गोठलेली वाळू अडकलेली असते तिच्यात आधीच एक निचऱ्याची नळी घातलेली असते. पाणी गोठताना नऊ टक्के फुगतं. कडं खरोखर बंद झालं असेल तर आत कोंडलेल्या पाण्याचा दाब वर चढतो. आमचा दाबमापक काही दिवस एका जागी होता, मग तो चढू लागला. झडप उघडायचं ठरलं. पंधरा-वीस माणसं त्या अरुंद जागेत उभी. झडप उघडल्यावर पाणी जोरात आलं, करडं, वाळूचे कण घेऊन. माइस्टरांनी बादली लावली आणि घड्याळ माझ्या हातात दिलं. बादली भरली की मी वेळ सांगायची. दुसरी बादली जरा उशिरा भरली. तिसरी आणखी उशिरा. बाहेरचं भूजल आत येत असतं तर सगळ्या बादल्या सारख्याच वेळात भरल्या असत्या. शेवटी धार करंगळीएवढी झाली, तुटली, थेंब उरले. नुसते थेंब थांबण्याची वाट बघत तेवढी माणसं काही न बोलता उभी होती. थेंब थांबले तेव्हा पोलंडहून आलेल्या ड्रिलरने हेल्मेट काढलं. माइस्टर मात्र अजून झडपेकडे बघत होते. “आता दोन पाळ्या ती उघडीच ठेवायची,” म्हणाले. थांबलेलं पाणी थांबलेलंच राहतं का, तेही बघायचं होतं.

त्यांच्याजवळ एक वही असायची, तेलकट कव्हरची. पहिल्या पानावर कामांची नव्हे, फसलेल्या बर्फांची यादी. पहिलं नाव लेनिनग्राड. १९७४ मध्ये तिथल्या मेट्रोच्या लेस्नाया आणि प्लोश्चाद मुझेस्त्वा या स्थानकांमधल्या बोगद्यात, जमिनीखाली गाडल्या गेलेल्या प्राचीन नदीच्या खोऱ्यातून पाण्याची वाळू घुसली. द्रवरूप नायट्रोजनने गोठवून तो बोगदा पुरा केला. पण तो गळत राहिला, आणि डिसेंबर १९९५ मध्ये शेवटी पाण्याने भरून बंद करावा लागला. नव्या मार्गाने गाड्या धावायला २००४ उजाडलं. पुढचं नाव शांघाय, १ जुलै २००३. चौथ्या मार्गाचा जोडबोगदा, ह्वांगपू नदीजवळ, आमच्यासारखाच गोठवलेला. पाणी आणि वाळू आत आली, बोगदे चिरडले, वरच्या इमारती गेल्या. त्या मार्गाचं वर्तुळ पुरं व्हायला २००७ चं वर्षअखेर आलं. ही पानं ते घाबरवायला दाखवत नसत. नवा माणूस आला की त्याला शांतपणे वाचून दाखवत आणि विचारत, यात न गोठलेलं कुठे होतं?

१२ ऑगस्ट २०१७ ला त्या यादीत आणखी एक नाव आलं. राइनच्या खोऱ्यात राश्टाट गावाजवळ, चालू रेल्वेमार्गाच्या खाली, भोवतालची जमीन गोठवून टीबीएम, म्हणजे बोगदा खोदणारं यंत्र, पुढे नेत होते. रूळ खचले. युरोपातल्या उत्तर-दक्षिण मालवाहतुकीची ती मुख्य वाट. २ ऑक्टोबरपर्यंत बंद राहिली. जमीन सावरायला ते यंत्र बोगद्यात काँक्रीट ओतून तिथेच गाडावं लागलं. बातमी आली तेव्हा आम्ही जेवत होतो. माइस्टरांनी आधी एकच विचारलं, माणसं? कुणाला इजा नाही हे कळल्यावर त्यांनी डबा मिटला, वही काढली, तारीख लिहिली, आणि दुपारी आमचे सगळे सेन्सर पुन्हा तपासायला लावले. आमच्या कामाचा त्या कामाशी काही संबंध नव्हता. तरीही.

आता ज्या रात्रीसाठी हे सगळं लिहायला घेतलं तिच्याबद्दल.

खोदकाम सुरू होऊन काही दिवस झाले होते. मी रात्रपाळीला मोजमापाच्या कंटेनरमध्ये एकटी. भिंतीतल्या एका सेन्सरचा आकडा उणे बारावरून उणे नऊ, मग उणे सात, मग उणे चार झाला. शेजारचे सगळे जागच्या जागी. मी खाली फोन करून फेसवरचं, म्हणजे बोगद्याच्या खोदत्या तोंडावरचं, काम थांबवायला सांगितलं. पाळीप्रमुख चिडले. पुढचा टप्पा खोदून शॉटक्रीट, म्हणजे फवाऱ्याचं काँक्रीट, मारायला थोडाच वेळ उरला होता, आणि एका सेन्सरसाठी पाळी घालवायची त्यांची तयारी नव्हती. माझा हुद्दा त्यांच्या कितीतरी खाली. मी माइस्टरांना घरी फोन केला. सगळं ऐकून ते एवढंच म्हणाले, “थांबलेलं थांबलेलंच ठेवा, मी निघालो.”

ते आले, सरळ फेसवर गेले. खोदलेला भाग आधी शॉटक्रीटने झाकायला लावला, पण पातळ थरात, कारण काँक्रीट घट्ट होताना स्वतः तापतं आणि जाड थराची उष्णता बर्फाला खाते. मग संशयाच्या जागी बारीक भोक पाडलं. बाहेर ओली वाळू आली असती तर सगळ्यांना वर पळायचं होतं. आला तो कोरडा, पांढरा, गोठलेल्या वाळूचा चुरा. आणखी एक भोक, तसाच चुरा. पहाटेपर्यंत कारण सापडलं. सेन्सरच्या केबलच्या जोडात ओल शिरली होती. भिंत शाबूत होती, पाळी मात्र गेली.

सकाळच्या बैठकीत विचारणा झाली, थांबवलं कुणी. मी बोलायच्या आत माइस्टर म्हणाले, “मी. आणि उद्या तो आकडा असाच दिसला तर उद्याही थांबवीन.” त्यावर कुणाला काही बोलता आलं नाही.

त्या एका वाक्याची किंमत त्यांना माहीत होती. माझा जर्मनीतला राहण्याचा परवाना नोकरीला बांधलेला होता आणि नोकरी हंगामी करारावर. गेलेल्या पाळीचा खर्च माझ्या नावावर पडला असता तर करार पुढे सरकला नसता, आणि मी पुण्याला परतले असते. त्यांना याची चौकशी करावी लागली नव्हती. दक्षिण युरोपातून आणि तुर्कस्तानातून आलेल्या माणसांबरोबर ते खाणीत वाढले होते; कागदावर लटकलेल्या माणसाचं आयुष्य त्यांनी पाहिलं होतं. बैठकीनंतर त्यांनी थर्मासमधली कॉफी दोन पेल्यांत ओतली आणि म्हणाले, आजपासून मला तू म्हणायचं. जर्मनीत वडीलधारा माणूसच हे आधी सुचवतो, आणि ते साधंसुधं नसतं. मला तोंडातून ते काढायला फार दिवस लागले. आमच्याकडे आजोबांच्या वयाच्या माणसाला अरे-तुरे करायची जीभ वळत नाही. त्यांनी वाट पाहिली, पुन्हा आठवण केली नाही. पुढे एका दुपारी झडपेपाशी घाईत निघून गेलं, “तू सर, मी बघते.” ते बाजूला सरले.

बर्लिनच्या मध्यभागी त्याच सुमाराला एक फार मोठं काम चालू होतं. यू-५ या मेट्रोमार्गाचं म्यूझियम्सइन्झेल स्थानक, स्प्रे कालव्याच्या बरोबर खाली. फलाटाचा मधला भाग कालव्याखालून काढायचा म्हणून शंभर मीटरहून लांब नळ्या घालून सुमारे २८ हजार घनमीटर जमीन गोठवली होती. त्यापुढे आमचा जोडबोगदा म्हणजे फारच किरकोळ. मी त्या कामावर नव्हते. एका रविवारी माइस्टर मला तिथे घेऊन गेले आणि पुलावर उभं करून वरूनच सगळं समजावलं. हा वास्तुकार शिंकेलने बांधलेला पूल, हा कालवा, उन्हाळ्यात याचं पाणी किती तापतं बघ, आणि त्याच्या खाली बर्फ टिकवायचा आहे. पलीकडे संग्रहालयांच्या इमारती. त्यांच्यापैकी कुणाला आपल्या पायाखाली काय चाललंय ते कळता कामा नये, हे त्यांनी फार प्रेमाने सांगितलं. नवा मार्ग ४ डिसेंबर २०२० ला सुरू झाला, म्हणजे संत बार्बराच्या सणाच्या दिवशी. त्या सकाळी त्यांचा फोन आलाच. स्थानक उघडायला मात्र ९ जुलै २०२१ उजाडला. आर्किटेक्ट माक्स डुडलरने छताला गर्द निळ्या आकाशात ६,६६२ दिवे लावले आहेत. शिंकेलने १८१६ मध्ये मोत्सार्टच्या ‘मॅजिक फ्लूट’साठी केलेल्या नेपथ्यावरून ती कल्पना घेतली आहे. फार देखणं आहे.

मी आता मुंबईत असते. मेट्रो ३ सारखे आपले बोगदे बहुतेक कातळातून गेले; कातळाच्या सांध्यांतून झिरपणाऱ्या पाण्याला ग्राउटिंग पुरतं. गंगेच्या गाळावरचं कोलकाता वेगळं. ३१ ऑगस्ट २०१९ ला बोबाजारमध्ये मेट्रोच्या टीबीएमने पाण्याचा थर फोडला आणि वरची जुनी घरं कोसळली. तिथे बर्फाचा प्रश्न नव्हता, पण पाणी आणि वाळू तीच. मी माइस्टरांना कळवलं. त्यांचा पहिला प्रश्न तोच होता, माणसं? घरं आधी रिकामी केली होती, हे सांगितल्यावर त्यांनी थर कुठल्या खोलीवर होता ते विचारलं. त्यांच्या मनातली यादी तेव्हाही चालू होती.

तेव्हा ते निवृत्त होऊन वर्षही झालं नव्हतं. निवृत्तीही त्यांनी लांबवली होती, कारण आमचा जोडबोगदा बांधून झाला तरी बर्फ वितळायचा होता. कॉम्प्रेसर बंद केले की बहुतेकांना काम संपलं असं वाटतं. गोठताना जमीन वर उचललेली असते, वितळताना ती खाली बसते, आणि मातीत बारीक कण जास्त असतील तर उचलली गेली त्याहून जास्त बसते. हे महिनोन् महिने चालतं. साइट रिकामी झाली, कंटेनर उचलले गेले, नवी कामं सुरू झाली. माइस्टर मात्र दर आठवड्याला वरच्या रस्त्यावरच्या आणि घरांच्या भिंतींवरच्या खुणा मोजायला यायचे. बरोबर मी. एका घरातली म्हातारी बाई आम्हाला केक द्यायची. तिच्या भिंतीवरची खूण शेवटचे काही आठवडे हलली नाही, तेव्हा त्यांनी काम संपल्याचं मान्य केलं.

२१ डिसेंबर २०१८ ला बॉट्रोपच्या प्रॉस्पर-हानियल खाणीतून जर्मनीतल्या दगडी कोळशाचा शेवटचा तुकडा वर काढून राष्ट्राध्यक्षांच्या हातात दिला. माइस्टरांच्या आजोबांपासूनचा धंदा त्या दिवशी मिटला. ते गावी गेले होते, टीव्हीसमोर जुन्या सोबत्यांबरोबर बसले होते. मी फोन केला तेव्हा मागे गाणं चालू होतं आणि ते जास्त बोलले नाहीत.

आमच्या कामाचा शेवटचा अहवाल, वितळण्याच्या नोंदींचा, त्यांनी त्याआधीच लिहून ठेवला होता. रिवाजाप्रमाणे वर त्यांचं नाव यायचं, खाली मोजमाप करणाऱ्याचं. त्यांनी माझं नाव वर घातलं. पुढच्या नोकरीसाठी, पुढच्या परवान्यासाठी, तो कागद मला किती उपयोगी पडेल हे त्यांना पक्कं माहीत होतं, आणि तो पडलाही. मला त्यांनी आधी काही सांगितलं नव्हतं. मला कळलं ते अहवाल छापायला जायच्या आदल्या संध्याकाळी, माझ्या आडनावाचं स्पेलिंग नीट आहे ना, हे विचारायला त्यांचा फोन आला तेव्हा.